पत्र्याच्या पेटीतला दिवस

तुमच्या पाठीमागे कधी खट्कन दार लागलंय का, आणि समोर पाहावं तर तिथेही भिंतच?

मी रानातली उंदरीण बोलतेय. बांधावरच्या गवतात माझा जन्म झाला आणि तिथेच मी पाच पिल्लांची आई झाले. त्यांचे डोळेसुद्धा अजून उघडले नव्हते. त्या सकाळी ऊन वर आलं तरी भूक स्वस्थ बसू देईना, म्हणून बिळाबाहेर पडले. शेंगदाण्याचा वास आला आणि माझी मती फिरली. पत्र्याच्या लांबट पेटीत शिरले. खट्!

आधी दात लावून पाहिले, मग नखं. पत्रा कुठे कुरतडला जातोय! ऊन चढलं तसा तो तापला, पाय टेकवेनात. अंगात दूध साठून ठणकत होतं. वीस पावलांवर माझी बाळं तोंडं उघडून मला शोधत असतील, या विचाराने मी पुन्हा पुन्हा दाराला धडका देत होते. पुढे गवताची सावली सरकत पेटीवर आली, म्हणून जगले.

ऊन कललं तेव्हा जमीन हादरली. रानातल्या प्राण्यांची मोजदाद करणारी दोन माणसं आली होती, एक तरुण बाई आणि तिचे सर.

"अगंबाई, ही पेटी लागली कशी? सकाळी मी सगळ्या पेट्या बंद केल्या होत्या."

"पेट्या बंद केल्यास, की पेटी सापडावी म्हणून शेजारी बांधलेल्या खुणेच्या चिंध्याच नुसत्या सोडल्यास? आधी पेटी बंद, मग चिंधी. किती वेळा सांगायचं?"

"चुकलं, सर. या पेटीची चिंधी आधी सोडली आणि तशीच पुढे गेले."

"चिंधी बरी आठवणीने सोडलीस!"

मला कापडी पिशवीत ओतलं. दोन बोटांनी मान धरली.

"वजन घे पटकन."

"सर, हिचं पोट बघा ना. अंगावर पिणारी पिल्लं आहेत हिला. राहू द्या वजन."

सरांनी वजनकाटा परत झोळीत टाकला. "सोड. इथेच सोड, लांब नेऊ नकोस."

मी धावत सुटले. बिळाच्या तोंडाशी मात्र पाय अडले. आत जरासुद्धा आवाज नव्हता. चार पिल्लं एकमेकांखाली घुसून गारठून पडली होती, पाचवं कडेला एकटंच. मी सगळ्यांवर अंग टाकलं आणि चाटत राहिले.

माणसांनो, आमची मोजदाद खुशाल करा. पण उघडी पेटी मागे टाकून जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार पिल्लं दूध प्यायली.