मुरबाड येईपर्यंत

रंगूला शंभरापर्यंत मोजता येत नव्हते, म्हणून देवकी सिस्टरने तिला एष्टीचे थांबे मोजायला दिले.

ते चौऱ्याण्णव साल होते. गावोगावच्या सुईणींना शिकवायचे सरकारने मनावर घेतले होते, आणि पळसखांडच्या आरोग्य केंद्राच्या पडवीत आठ बायका पदर सावरून भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाळंतिणीला हात लावण्याआधी तीन मिनिटे कोपरापर्यंत हात धुवायचे, हे नव्याने नोकरीला लागलेली देवकी सिस्टर घसा कोरडा करून सांगत होती. पण जिच्या घरात घड्याळ नाही, तिला तीन मिनिटे कशी कळावीत? शेवटी तिने खडू खाली ठेवला आणि विचारले, "माळशेज उतरून येणारी एष्टी कुठे कुठे थांबते?"

"सावर्णे, मोरोशी, वैशाखरे, टोकावडे, सरळगाव, मुरबाड," रंगूने धडाधड सांगितले.

"झालं तर. प्रत्येक थांब्याला तळवे, बोटांच्या फटी, नखं, मनगट, कोपर. सगळं चोळून झालं की घंटी, मग गाडी पुढे. मुरबाड येईपर्यंत साबण सोडायचा नाही."

"आन् बाय, मदीच गाडी बंद पडली तं?" जना नावाच्या फटकळ सुईणीने विचारले.

"तर पुन्हा सावर्ण्यापासून."

"म्हंजी पोर जल्मून शाळंत जाईल, नि आमी आपल्या टोकावड्यालाच!"

पडवी हसली. सिस्टरही हसली, मग चेहरा गंभीर करून म्हणाली, "हसा खुशाल. पण मध्येच उतरलात तर बाळंतीण जाईल, एवढं लक्षात ठेवा."

रंगूने ते लक्षात ठेवले. पुढची अकरा वर्षे कुंभाळे पाड्यावर जी पोरे जन्मली, ती तिच्या हातांवर. सिस्टरने दिलेली पत्र्याची पेटी, उकळलेला दोरा, नवे ब्लेड आणि चुलीवरच्या पाण्याचे पातेले; एवढ्या संसारावर तिने एकाही बाळंतिणीला ताप येऊ दिला नाही. आत बाई कळा देत असायची आणि अंगणात हात चोळीत रंगू पुटपुटत असायची. बाहेर बसलेले पुरुष चेष्टा करीत, "थांबा रे, म्हातारी मुरबाडला गेलीय." ती उत्तर देत नसे. थांबा चुकला असता.

मग नियम बदलला. बाळंतपण घरी करायचे नाही, केंद्रातच आणायचे, आणि सुईणीने बाईला दारापर्यंत पोचवून परत फिरायचे. पेटी जमा करायला सांगितले, तशी रंगूने ती धुऊन, पुसून, उन्हात वाळवून दिली. तिला वाईट वाटले. पण सरकारी दवाखान्यात आपल्या चुलीपेक्षा अधिक स्वच्छता असेल, हे तिला मनापासून पटले होते. म्हणूनच दोन हजार सहा सालच्या वैशाखात तिच्या सुनेला, रंजिताला, कळा सुरू झाल्या तेव्हा मुलगा चंदर "आये, तूच कर ना गो" म्हणत असतानाही तिने जीप बोलवायला लावली. फक्त सवयीने एका पातेल्यात उकळलेले पाणी घेतले, वर धुतलेले फडके बांधले, आणि ते मांडीवर धरून बसली.

पळसखांडच्या केंद्रातले पाणी दिवाळीपासून गेले होते. बोअरची मोटर जळली होती. सकाळी बैलगाडीवरून एक पिंप येई, आणि त्या दिवशी रंजिताआधी दोघी बाळंत झाल्या होत्या. दारात शिपायाने रंगूला अडवले.

"मावशे, सुईणींना आत मनाई हाय. बोर्ड वाच."

"मला वाचता येत नाय."

"म्हणून तं मनाई."

ती पडवीत, बारा वर्षांपूर्वी बसली होती त्याच भिंतीला टेकून बसली. दार अर्धवट लोटलेले होते. आत टेबलावर पांढरे घमेले होते आणि त्यात सकाळपासूनचे पाणी, पहिल्या दोघींच्या रक्ताने चहासारखे झालेले. देवकी सिस्टर आली. केस पिकू लागलेले, डोळे जागरणाने ओढलेले. तिने दोन्ही हात त्या घमेल्यात बुडवले, झटकले आणि ती रंजिताकडे वळली.

रंगूचे ओठ आपोआप हलू लागले होते. पहिलाच थांबा अर्धा राहिला.

ती उठून उंबऱ्यापर्यंत गेली. मांडीवरचे पातेले आता तिच्या हातांत होते, अजून कोमट. एकच शब्द पुरे होता. "बाय, सावर्णे," एवढे म्हटले असते तरी सिस्टरला सगळे आठवले असते. पण जिने शिकवले तिला चार माणसांत शिकवायचे कसे? शिपायाने डोळे वटारले, आणि ती पुन्हा भिंतीशी जाऊन बसली. पातेले मांडीवर हळूहळू गार होत गेले.

मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी रंजिताला हुडहुडी भरली, पाचव्या दिवशी ती बरळू लागली. सहाव्या दिवशी कल्याणला नेताना जीपमध्येच तिने मान टाकली. सरळगाव मागे पडले होते, मुरबाड यायचे होते.

आटगावचा रत्नदीप त्यानंतर महिन्याभराने पाड्यावर आला. एका संस्थेत काम करणारा, हळू बोलणारा तरुण. त्याच्या वहीत तालुक्यातल्या केंद्रांची नावे होती आणि नावापुढे एकच प्रश्न: बाळंतपणाच्या खोलीत नळाला पाणी आहे का? हिवाळ्यात मुरबाडला जनसुनावणी होणार होती. मोठे अधिकारी समोर बसून ऐकणार होते.

"आजी, माणसावर बोलायचं नाही," तो बजावत राहिला. "पाण्यावर बोलायचं. आपल्याला मोटर हवी, नळ हवा, तसा लेखी हुकूम हवा."

"व्हय रे बाबा. पानीच मागते."

आणि तिने पाणीच मागितले. भरल्या सभागृहात, ध्वनिक्षेपकाला घाबरत, तिने मोटर सांगितली, पिंप सांगितले, घमेले सांगितले. अधिकारी मान हलवीत होते. मग मधल्या खुर्चीवरच्या साहेबांनी चष्मा काढून विचारले, "त्या घमेल्यात हात कोणी बुडवले?"

"बायनी."

"कोण बाई? नाव सांगा."

रत्नदीप घाईने उठला, "साहेब, मुद्दा नावाचा नाही..."

"तुम्ही बसा. त्यांना बोलू द्या."

खोटे बोलायची रंगूला सवय नव्हती. "देवकीबाय," ती म्हणाली. "त्यांनीच मला हात धुवाया शिकवलं."

लोक हसले. कारकुनाने इतक्या वेळात प्रथमच लेखणी उचलली.

मागच्या रांगेतून देवकी सिस्टर उभी राहिली. तिच्या हातात फाईल होती. "साहेब, मोटरसाठी मी अकरा पत्रं लिहिली आहेत. पोच आहे प्रत्येकाची."

"तो विषय पाणीपुरवठा खात्याचा आहे," साहेब म्हणाले. "आज आरोग्याची सुनावणी आहे."

आठ दिवसांत सिस्टर निलंबित झाली. वर्तमानपत्रात बातमी आली, "जनसुनावणीला यश". रत्नदीपने ती रंगूला वाचून दाखवली आणि घडी करून खिशात कोंबली. आणखी महिन्याने केंद्रात एक सुंदर रंगीत फलक लागला. हात धुण्याच्या सहा पायऱ्या, चित्रांसकट. तो कोरड्या नळाच्या बरोबर वर ठोकला होता.

जाण्याच्या दिवशी सिस्टर फाट्यावर ट्रंकेवर बसली होती. रंगू नातीला कडेवर घेऊन समोर उभी राहिली.

"बाय, मी पानी मागितलं व्हतं."

"ऐकलं मी." सिस्टरने मुलीच्या पायाला बोट लावायला हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. "तू खोटं बोलली नाहीस, रंगू. माझ्याच हातांनी गेली ती. पण त्या दिवशी दारात पातेलं घेऊन उभी होतीस ना तू? मी पाहिलं होतं."

"मंग मागितलं का नाय?"

"तू दिलं का नाहीस?"

एष्टी आली. सिस्टर ट्रंक उचलून चढली.

सिस्टरच्या जागी कोणी आले नाही. फाल्गुनात एके सकाळी शेजारचा गोमा धापा टाकत अंगणात आला. केंद्राला कुलूप होते, जीप मिळत नव्हती, बायको अडली होती. "आजे, चल गो. तुझ्याबिगर कोन हाय?"

पेटी नव्हती, परवानगी नव्हती. रंगूने नातीला चंदरजवळ दिले, चुलीवर पाणी ठेवले, उकळू दिले, आणि गोमाच्या अंगणात बसून हाताला साबण लावला. सावर्णे. मोरोशी. वैशाखरे. आतून कण्हणे ऐकू येत होते. टोकावडे. सरळगावपाशी तिचे हात क्षणभर थांबले. मग मुरबाड आले. गोमाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आलं ना मुरबाड? चल आता."

रंगू हातांकडे पाहत राहिली. साबण तिने सोडला नाही.

"थांब," ती म्हणाली, आणि पुन्हा सावर्ण्यापासून सुरुवात केली.