घर आलं का?

आमच्या नात्यात कुणाला फ्लॅट घ्यायचा असला की आधी मला विचारायची पद्धत आहे. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीत असताना मी दोन फ्लॅट घेऊन भाड्याने लावले, निवृत्तीनंतर तिसरा घेतला, म्हणून मी जाणकार. लोक येतात, चहा पितात, माझं सगळं ऐकून घेतात आणि शेवटी एजंट सांगेल तेच करतात. मला याचा राग येतो आणि मी तो लपवत नाही.

गेल्या हिवाळ्यात बहिणीचा मुलगा सनी सल्ला मागायला निघाला. नाशिकला अंबडच्या एका कंपनीत तो सुपरवायझर आहे. भाड्याने लावायला म्हणून पहिलाच फ्लॅट घेत होता, बाजारभावापेक्षा बराच स्वस्त, आणि दुसऱ्याच दिवशी रजिस्ट्री होती. म्हणजे सल्ला नको होता, शाबासकी हवी होती. मी त्याला घरी न बोलावता पाथर्डी फाट्याच्या माझ्या तिसऱ्या फ्लॅटवर बोलावलं. दुपारी साडेचारला ये, उशीर करू नकोस, असं बजावलं.

तो आला. रिकामा हॉल आणि बाल्कनीत एकच वेताची खुर्ची बघून म्हणाला, मामा, इतका चांगला फ्लॅट बंद का ठेवलाय, याचं भाडं किती आलं असतं. मी आधी माझी उजळणी घेतली. मालकीचा सर्च रिपोर्ट काढला का, सोसायटीची थकबाकी बघितली का, बाथरूमच्या मागच्या भिंतीला हात लावून ओल बघितली का. भाडेकरूची पोलिस पडताळणी आणि अकरा महिन्यांचा करार त्याला पाठ होता. पोरगं हुशार आहे, सगळं केलं होतं.

मग मी विचारलं, विकणारं कोण आहे?

कुसाबाई नावाची म्हातारी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी राहते. सगळा व्यवहार तिचा जावई बघतोय. ती मात्र प्रत्येक भेटीत एकच विचारते, किल्ली माझ्याकडंच राहील ना? सनी हसत सांगत होता.

"मग तू काय म्हणतोस?"

"हो म्हणतो. जावईच म्हणाले, हो म्हणायचं, ती विसरते."

मी घड्याळ बघितलं. पाच वाजायला वीस मिनिटं होती. मग जे बायकोलाही धड सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं.

हा फ्लॅट मी सावळीराम नावाच्या माणसाकडून घेतला. घोटीच्या भातगिरणीत त्याने उभा जन्म काढला, म्हातारपणी मुलाच्या मागे नाशिकला आला आणि फंडाच्या पैशातून हे घर घेतलं. बायको याच घरात वारली. पुढे काचबिंदूने त्याचे दोन्ही डोळे गेले. भिंतीला हात लावत तो घरभर फिरायचा आणि संध्याकाळी बाल्कनीत बसायचा. मुलगा नवनाथ कर्जात होता, त्याला घर विकायची घाई होती. मला स्वस्तात मिळत होतं. मी कागद दोनदा तपासले. कागदात खोट नव्हती.

रजिस्ट्रीच्या दिवशी नवनाथने बापाला सांगितलं होतं की हयातीचा दाखला द्यायला जायचंय, विचारतील त्याला हो म्हणा, नाहीतर पेन्शन बंद होईल. मला ते गाडीतच कळलं. म्हाताऱ्याने सगळ्याला हो म्हटलं. अंगठा मात्र मशीनवर उमटेना, गिरणीत पोती उचलून रेघाच गेल्या होत्या. दोनदा झालं, तीनदा झालं. मागे रांग चुळबुळ करायला लागली. तेव्हा मी पुढे झालो, माझ्या रुमालाने त्याचा अंगठा पुसला आणि स्वतःच्या हाताने दाबून धरला. उमटला. म्हातारा माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "देव भलं करो बाबा."

परत निघालो तर नवनाथ त्याला थेट घोटीला नेणार होता, तिथे कुणाच्या तरी मागच्या खोलीत सोय केली होती. मला वाटेत फाट्यावर सोडायचं ठरलं. म्हातारा मागच्या सीटवर दर दोन मिनिटांनी विचारायचा, घर आलं का? नवनाथ म्हणायचा, येतंय आबा. फाट्यावर गाडी थांबली, मी दार उघडलं आणि त्याने माझं मनगट धरलं. बाहेरचे आवाज त्याने ओळखले असणार. हा चौक रोज त्याच्या कानावर पडायचा.

"घर आलं का?"

या बिल्डिंगचं गेट तिथून दिसत होतं. चालत पाच मिनिटं. घराची किल्ली माझ्या खिशात होती. नवनाथ आरशातून माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "अजून नाही. थोडं पुढे."

त्याने मनगट सोडलं. पाच वाजले होते. चार महिन्यांनी तो घोटीतच वारला, हे मला सोसायटीच्या वॉचमनने सांगितलं.

पहिले भाडेकरू शिक्षक नवरा-बायको होते. बाईचं नाव राखी. तिसऱ्याच आठवड्यात तिची तक्रार आली की रोज पाचला बेल वाजते आणि बाहेर कुणी नसतं. मी पोरांवर ढकललं. मग वायरमन आणून बेल बदलली. मग बेलची तारच काढून टाकली. तरी वाजायची. दीड महिन्यात ती दोघं गेली. दुसरी चार नोकरीवाली पोरं होती, कशालाच न भिणारी. डिपॉझिटही न मागता ती निघून गेली. त्यांतला एक मला फोनवर एवढंच म्हणाला की काका, बेलचं आम्ही सहन केलं, पण बाहेर कुणीतरी विचारतं.

काय विचारतं, ते मी त्याला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः येऊन बसलो. लख्ख ऊन होतं, खाली भाजीवाला ओरडत होता, भुताखेताची वेळच नव्हती. पाचला बेल वाजली. दारावरच्या डबीतून तारेची दोन उघडी टोकं लोंबत होती, ती मी बघत होतो आणि बेल वाजत होती. दार उघडलं. जिना रिकामा. भाताच्या कोंड्याचा वास आला आणि मग माझ्या खांद्याच्या उंचीवरून, दमलेल्या माणसाच्या आवाजात तोच प्रश्न आला. माझ्या मनगटाभोवती बोटं आवळली गेली.

मला लाज वाटते सांगायला. भीतीने माझ्या तोंडून पुन्हा तेच निघालं. अजून नाही. मी दार लावून घेतलं आणि पायऱ्या उतरणाऱ्या पावलांचा आवाज ऐकला, एकेक पायरी चाचपत.

तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, हो आबा, आलं घर. हाताला धरून बाल्कनीपर्यंत आणलं. वेताची खुर्ची करकरली. थोड्या वेळाने मनगट मोकळं झालं. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा बेल. त्याच्या लेखी तो रोज नव्याने निघालेला असतो आणि रोज त्याला कुणीतरी सांगावं लागतं. अडीच वर्षं झाली, मी रोज येतो. एकदा देवळ्याला लग्नाला गेलो आणि मुक्काम पडला. परत आलो तर समोरच्या ठमाबाई सांगत होत्या की काल रात्री उशिरापर्यंत बिल्डिंगच्या प्रत्येक मजल्यावर एकेक घराची बेल वाजत होती.

सनीने हे सगळं शांतपणे ऐकलं. मग हसला. म्हणाला, मामा, हा फ्लॅट मलाच गळ्यात मारायचा विचार आहे का? मी म्हणालो, तसा फुकट देतो, घेतोस? उद्या रजिस्ट्रीला जाऊ नकोस. निदान त्या बाईला खरं सांग, आणि ती कुठे जाणार ते तिच्या तोंडून ऐक. मग घ्यायचं तर घे.

तेवढ्यात बेल वाजली.

सनीने वर बघितलं. तारेची टोकं त्यालाही दिसली. उठून त्याने दार उघडलं, दोन्हीकडे डोकावला. "कुणी नाही," म्हणाला, "शेजारची वाजली असेल." मी त्याच्या बाजूने पुढे झालो, मनगट पुढे केलं आणि रोजचं वाक्य बोललो. मग सावकाश बाल्कनीकडे चालत गेलो, कारण आंधळ्या माणसाबरोबर सावकाशच चालावं लागतं. खुर्ची करकरली. सनी माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मला कळली. संध्याकाळी बहिणीचा फोन आला, दादा, एकदा डॉक्टरला दाखवून घे, असं म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सनीने रजिस्ट्री केली. वास्तुशांतीचे पेढे आणून दिले. कुसाबाईला जावयाने दिंडोरीकडच्या एका आश्रमात ठेवलं, तिला सांगितलं होतं की घराला रंग देतायत, आठ दिवसांनी परत यायचंय. मी पेढा खाल्ला नाही. त्याच्यावर चिडायचा मला काय अधिकार, म्हणून बोललोही नाही.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाज बसलेला होता. आधी इकडचं तिकडचं विचारलं, तब्येत कशी, मामी कशी. मग म्हणाला, "मामा, एक विचारायचं होतं. भाडेकरू सोडून गेला. मी दाराचं कुलूप दोनदा बदललं. तरी बाहेरून किल्ली फिरते."

मी विचारलं, कुसाबाई कधी गेल्या? तो म्हणाला, महिना झाला.

"किती वाजता फिरते?"

"सकाळी सातला. दूध घेऊन यायच्या ना त्या, त्या वेळेला."

मनगटावर बोटांचे पाच वळ आहेत, ते आता धुतले तरी जात नाहीत, त्यांवर हात फिरवत राहिलो. मग त्याला माझ्याकडे होता तेवढा सल्ला दिला.

"उद्यापासून पावणेसातला जाऊन बस," मी म्हणालो. "दार तू आतून उघड. आणि किल्ली त्यांच्याकडंच राहू दे."