गिरणी वाढवली

अंगद गर्जेनं पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं, तेही पोरीच्याच सांगण्यावरून, त्या वर्षीची ही गोष्ट. धनश्री नगरला वसतिगृहात राहून पदवी घेऊन आली होती. नवरा मुलगा म्हणाला, लग्नानंतर घरीच बसायचं. ही म्हणाली, मग आत्ताच बसते की. आणि ती येऊन बसली ती आजीच्या पिठाच्या गिरणीत.

आजी म्हणजे अंगदची आई, लंकाबाई. पाथर्डी तालुक्यातल्या त्या गावात तिचं दळण न खाल्लेलं घर नव्हतं. पण त्याआधी अकरा वर्षं ती ऊस तोडायला जायची. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाराव्या वर्षी तिचा नवरा गहिनीनाथ फडातच तापानं गेला, तेव्हा मुकादम म्हणाला, आता तुझा अर्धा कोयता. तो शब्द तिला लागला. तीन लेकरं घेऊन ती गावी परतली, भावाची गंजत पडलेली गिरणी चालू केली आणि पुन्हा फडाचं तोंड पाहिलं नाही. मात्र ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तेव्हा त्यांचं दळण ती रांग मोडून आधी दळायची, तेही निघायच्या दिवशीच, पहाटे उठून. बाजरीचं पीठ शिळं झालं की कडू होतं. परमुलखातली पहिली भाकरी कडू लागू नये, एवढंच तिचं म्हणणं.

गिरणी ती कानांनी चालवायची. दगड गुळगुळीत झाले की आवाज पातळ यायचा, पोटात आधीचं धान्य उरलं असलं की जड. दुपारी पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आत उतरायची, तिच्यात पीठ तरंगत राहायचं आणि लंकाबाई पोत्यावर बसून डोळे मिटायची. मग तो आवाज कधी बैलांच्या घुंगरांचा व्हायचा, कधी वाळल्या पाचटावरून येणाऱ्या पावलांचा. गहिनीनाथ यायचा, केस पिठानं पांढरे झालेले. जगला असता तर असाच दिसला असता, असं तिला वाटायचं. ती त्याला बसायला सांगायची, तेवढ्यात कुणीतरी डबा वाजवायचं.

त्या वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी छबूबाई भगर घेऊन आली. ही तिची फडापासूनची मैत्रीण. उपासाचं दळण असलं की दगड आधी झाडून घ्यायचे, मग त्याच भगरीची एक मूठ दळून ते पीठ चिमण्यांना टाकायचं, हा लंकाबाईचा नियम. त्या दिवशी आवाज तिला हलका वाटला. दगड मोकळे आहेत असं समजून तिनं तशीच भगर ओतली.

दुसऱ्या दिवशी छबूबाई अर्धी भाकरी हातात धरून दारात उभी.

“लंके, चाळीस वरसं नवरात धरलं मी. सासूला मोडता आलं न्हाई, नवऱ्याला मोडता आलं न्हाई. तू बाजरी घालून मोडलंस.”

भाकरीत करडे ठिपके होते. छबूबाई लगेच हसली, देवीला माझ्यापेक्षा जास्त कळतं म्हणाली, आणि शेंगदाणे मागून खात बसली. लंकाबाई हसली नाही. संध्याकाळी तिनं गिरणी रिकामी चालवली आणि कान अगदी जवळ नेला. लांब, कुठल्या तरी दुसऱ्याच गावात गिरणी चालल्यासारखं वाटलं.

रात्रभर तिनं विचार केला. अंगद आपल्या टेम्पोवर फिरणारा, तो काही पोत्यावर बसणार नाही. धनश्री आज ना उद्या कुणाच्या तरी घरी जाणार. लोकांना नको ते खाऊ घालण्यापेक्षा आपल्या हयातीत गिरणी बंद झालेली बरी. पण ‘बंद कर’ हे तिच्या जिभेवर येईना. तिच्या घरात बांगडी फुटत नसे आणि दुकान बंद होत नसे, सगळं वाढायचं. जुनी माणसं वाईट शब्द असाच टाळत आलेली. पट्टा उतरवलेला डोळ्यांनी पाहायला नको म्हणून तिनं शेवगावला लेकीकडे जायचं ठरवलं, आणि निघताना नातीला सांगितलं, “धने, दसऱ्याची पूजा झाली की गिरणी वाढव.”

धनश्रीनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. “वाढवू? नक्की?”

“व्हय. आन मला परत इचारू नको.”

दसऱ्यानंतर आठवड्यानं लंकाबाई एसटीतून उतरली. चपला हातात घेऊन ती गिरणीकडे निघाली, तशी पायाखालची जमीन थरथरायला लागली. मागची भिंत पाडली होती. पत्रा पुढं ओढला होता. जुन्या गिरणीशेजारी एक नवी गिरणी उभी होती, फक्त उपासाच्या दळणाची, आणि पलीकडे मिरची कांडायचं यंत्र. तिन्हींना झेंडूच्या सुकलेल्या माळा. अंगद कौतुकानं सांगत होता, की तू वाढव म्हणालीस, मग मीही लग्नाचा मंडपवाला सोडला आणि यंत्रवाला धरला.

छबूबाई मिरचीच्या खकाण्यात शिंकत बसली होती. ती म्हणाली, “अगं पोरी, म्हातारी वाढव म्हनली म्हंजी...”

“छबे, गप. च्या घे,” लंकाबाई म्हणाली.

आपल्याला काय म्हणायचं होतं, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. एवढी शिकलेली पोर आणि एक शब्द कळला नाही, म्हणून ती एकटीच हसायची. मग पोरीचा कान तयार करू लागली. आवाज पातळ की जड, हे धनश्री ओरडून सांगायची, लंकाबाई लाकडी चौकटीवर तळहात ठेवून ताडून पाहायची. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या तेव्हा पहाटेचं दळण दोघींनी मिळून केलं.

वर्ष गेलं. एका संध्याकाळी एक बाई उशिरा डबा घेऊन आली. धनश्री पट्टा उतरवत होती. गिरणीच्या सवयीनं ती मोठ्यानंच बोलली, “काकू, आता गिरणी वाढवली. उद्या या.”

ते लंकाबाईला ऐकू आलं. बाई गेल्यावर तिनं नातीला जवळ बोलावलं.

“तुला ठावं हुतं?”

धनश्री पदवीधर असली तरी तोंडावर पीठ होतं, त्यामुळे लाजली की नाही ते कळलं नाही. “तुझ्याच मांडीवर बोलायला शिकले ना मी. नक्की का म्हणून विचारलं होतं. तू म्हणालीस, विचारू नको.”

लंकाबाई म्हणाली, “लई वंगाळ पोर हायेस,” आणि तिच्या गालावरचं पीठ पुसायला गेली, तर तिच्याच हातानं आणखी लागलं.

पुढं ती अनवाणी पाय जमिनीला लावून पोत्यावर बसायची. आवाज आता तळपायांतून वर यायचा. गहिनीनाथ यायचा. बस निवांत, ती त्याला सांगायची, डबा वाजला तर पोर बघंल.

लंकाबाई गहिनीनाथ गर्जे शुक्रवार, १४ मार्च २०२५ रोजी, धुळवडीच्या दिवशी दुपारी, गिरणीत बसल्या जागी वारली. वय अठ्ठ्याहत्तर होतं.