नदीत न सापडलेलं हाड

नुरूबाईंनी तंबू गुंडाळायला घेतला तसा रेमासी खुंट्या उपटायला पुढे झाला. राजधानीहून आलेली ही बाई तीन उन्हाळे कोरड्या नदीचं पात्र उकरत होती आणि हाती लागले होते नुसते गोटे.

लागणार काय? ज्या हाडापायी हे खोदकाम चाललं होतं, ते नदीत सापडलंच नव्हतं. बापाच्या थडग्याच्या भिंतीचा पाया खणताना ते रेमासीच्या पहारीला लागलं होतं, माणसाच्या मांडीच्या हाडाहून तिप्पट जाड. थडग्याच्या जमिनीतून जे निघेल ते परत तिथेच पुरायचं, ही रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तेव्हा नुरूबाई घरोघर जुनी मोठाली हाडं विचारत फिरत होत्या आणि याला मोह आवरला नाही; हाड त्यांना विकून मोकळा झाला. भावकीला कळू नये म्हणून त्याने नदीकडे बोट दाखवलं. वर खोदणाऱ्यांचा मुकादमही होऊन बसला. गडी मोठा शहाणा.

दोन पुरुष उंचीचा, उडता न येणारा, आजवर कुणालाच माहीत नसलेला पक्षी या नदीकाठी राहत होता, असं बाईंनी छापून जाहीर केलं. जोडीला दुसरं हाड काही निघेना. मग लोक म्हणू लागले, बाईने थाप मारली.

"संपलं, रेमासीदादा," कुदळी गोळा करत त्या म्हणाल्या. "नोकरी गेली. आईसुद्धा विचारते, ते हाड खरं कुठून आणलंस म्हणून."

रेमासीला राहवेना. त्याने सगळं सांगून टाकलं.

बाईंनी हातातल्या कुदळी खाली टाकल्या. "तिथे अजून आहेत?"

"बरगड्या दिसल्या होत्या. मी माती लोटली."

"मग चला की. उद्याच खोदू."

"थडगं बंद झालंय, बाई. तिथे कुदळ लावली तर भावकी वाळीत टाकेल. मेल्यावर बापाशेजारी जागा मिळायची नाही."

"निदान कुठे सापडलं ते लिहून तरी द्या."

रेमासीने मान खाली घातली. "तेही नाही जमायचं."

"मग मला सांगितलंत कशाला?"

"तीन वर्षं धड झोप नाही मला."

नुरूबाईंनी पिशवी खांद्याला लावली. "आता लागेल तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मला नाही लागायची."

आणि खरंच, त्या दुपारी रेमासी निवडुंगाच्या कुंपणाआड घोरत पडला. त्याची लाज त्याला अजून वाटते.