आबांनी वाचवलं

माझा नवरा पट्टीचा पोहणारा आहे, हे मला लग्न ठरताना पत्रिकेच्याही आधी सांगण्यात आलं होतं. बनारसच्या दुर्गाघाटावरच्या अर्ध्या पोरांना यांनी पाण्यात ढकलून पोहायला शिकवलं, आणि उरलेल्यांना त्या पोरांनी. बँकेत सही ढुंढिराज अशी, घाटावर गुरुजी, आणि नात झाल्यापासून घरात आबा. मीसुद्धा आबाच म्हणते. नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही.

पोरांकडून ते दोन गोष्टी घोकून घेत. धारेशी भांडायचं नाही, तिच्याबरोबर जायचं, पुढचा घाट येतोच. आणि बुडणाऱ्याजवळ समोरून जायचं नाही. त्याला समोर कोण आहे ते समजत नाही, तो सख्ख्या आईलाही धरून बुडवतो. आमच्या रुचीला हे पाढ्यांच्या आधी पाठ होतं. नऊ वर्षांची आहे ती, आणि या उन्हाळ्यापर्यंत आबांचं शेपूट होती.

यंदा तिची परीक्षा संपल्यावर मुलगा निमिष आणि सून मैत्रेयी आम्हाला थायलंडला घेऊन गेले. आमच्या घरात समुद्र ओलांडणारे आम्हीच पहिले. माझ्या सासऱ्यांनी प्रायश्चित्ताची पोथीच काढली असती. आबा म्हणाले, "परत येऊन गंगेत एक डुबकी मारू, झालं प्रायश्चित्त." क्राबीजवळ आओ नांगच्या किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा मला काही फार परकं वाटलं नाही. दशाश्वमेधावर असते तशीच गर्दी, तसेच नाववाले अंगावर येऊन बोलावतायत. लोकांच्या अंगावर कपडे तेवढे कमी.

दुसऱ्या दिवशी होडीने बेटं पाहायला निघालो. होडी लांबलचक, पुढच्या टोकाला रंगीत फिती आणि फुलांच्या माळा बांधलेल्या. आबांनी चढताना त्या टोकाला हात लावून कपाळाला लावला, तेव्हा नावाडी खूश झाला. मग त्याने सगळ्यांना नारिंगी जॅकेटं वाटली. आबांनी आपलं परत दिलं.

"घाला की गपचूप," मी म्हटलं.

"भर श्रावणात गंगा पार केलेला माणूस मी. हे घालून फोटोत शोभा करून घेऊ?"

निमिष हसला. मीही पुढे बोलले नाही. रुचीचं जॅकेट मात्र मैत्रेयीने गळ्यापर्यंत आवळून बांधलं.

बेटं सुंदर होती, ते नाकारत नाही. पाण्यातून सरळ वर उठलेले कडे, त्यांच्या कपारीतून लोंबणारी झाडी, तळाची वाळू दिसेल असं हिरवं पाणी. एका बेटावर आम्ही माझ्या दशम्या खाल्ल्या, उरलेल्या रुचीने माशांना घातल्या. त्याच्या पुढच्या बेटाशी पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. पाणी हटून दोन बेटांच्या मधोमध पांढऱ्या वाळूची वाट उघडी पडली होती. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, भरती-ओहोटी फळ्यावर चंद्र काढून समजावली; पाहिली ती पहिल्यांदाच. रुची आबांचा हात धरून त्या वाटेने पलीकडच्या बेटावर शंख वेचायला गेली. नावाड्याने हातवारे करून सांगितलं, लवकर या, पाणी येतंय. आबांनी नुसता हात हलवला. गंगेचं पाणी चढतं ते एकेक पायरी घेत, दिवस लावत. बघता बघता वाट गिळणारं पाणी आमच्यापैकी कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

ते परत निघाले तेव्हा वाट पाण्याखाली गेलेली होती. अर्ध्यावर आल्यावर पाणी आबांच्या छातीला लागलं आणि बेटांमधली ओढ दोघांना बाजूला नेऊ लागली. नावाडी ओरडत होता, मागे फिरा म्हणून खुणा करत होता. आबा मागे फिरले नाहीत. आयुष्यभर केलं तेच त्यांनी केलं, रुचीला धरून धारेबरोबर अंग सोडलं. पण समुद्राच्या धारेला पुढचा घाट नसतो. आमच्या डोळ्यांदेखत ती दोघं बेटांमधून उघड्या पाण्यात गेली. मला एक नारिंगी ठिपका दिसत होता आणि हात सुटून जरा अंतरावर गेलेलं एक डोकं. मग दोन्ही एकत्र झाले. मग तो ठिपका खाली जाई, वर येई, पुन्हा खाली जाई. मैत्रेयी माझा दंड धरून किंचाळत होती.

नावाड्याने होडी काढली, निमिष तिच्यात चढला, आणि त्यांनी दोघांना ओढून वर घेतलं. किनाऱ्यावर आणलं तेव्हा आबा पाणी ओकत होते. मैत्रेयीने वाळूतच त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "आबा, तुम्ही होतात म्हणून माझी पोर वाचली."

"शेवटपर्यंत सोडलं नाही त्यांनी तिला," निमिष म्हणाला. होडीतून त्याला तसंच दिसलं होतं.

आबांनी डोळे मिटून घेतले. आम्हाला वाटलं, दमलेत.

हॉटेलात रुचीला अंघोळ घालताना तिच्या खांद्यांवर आणि मानेमागे मला बोटांचे वळ दिसले. "आजी, आबा मला नीचे दाबत होते," ती म्हणाली. "मी म्हणत होते छोड़िए, छोड़िए. पण तोंडात पाणी जात होतं."

माझ्या हातातला टॉवेल हातातच राहिला. म्हणजे तिच्या जॅकेटवर दोघं तरंगले होते. पाणी नाकाशी आलं की माकडीणसुद्धा पिलाला पायाखाली घेते, ही गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल. ती आपल्या घरात घडेल असं कधी मनात आलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं. "आबा फार घाबरले होते गं. तू कोणाला सांगू नकोस, ते स्वतःच सांगतील." मला खात्री होती तशी. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाला मी खोटं बोलताना ऐकलेलं नाही.

खोटं ते बोललेही नाहीत. गप्प राहिले, आणि बाकीचं गल्लीने केलं. बनारसला परतल्यावर दूधवाल्याकडून, चहाच्या दुकानातून गोष्ट वाढत गेली. आधी तीत लाटा आल्या, मग लाटा दोन पुरुष उंच झाल्या. भोसले घाटापर्यंत पोहोचली तोवर आबांनी रुचीला दातांत धरून आणलेलं होतं. कोणी तोंडावर कौतुक केलं तर आबा म्हणत, "जाऊ द्या हो." लोक म्हणत, काय विनय आहे. मला त्या विनयाची चीड यायची, आणि रात्रंदिवस तोंड पाडून बसलेला तो माणूस पाहिला की कीवही यायची. प्रायश्चित्ताची डुबकी राहूनच गेली. पाणी मैलं आहे, गुडघा दुखतो, काही ना काही कारण. परतल्यापासून ते एकदाही घाट उतरले नव्हते.

आणि रुची आबांच्या खोलीत जाईना. त्यांनी हाक मारली की येऊन माझा पदर धरी. जेवताना त्यांच्या शेजारचं आपलं पान तिने दुसरीकडे नेलं. निमिषला हे खुपायचं. "ज्यांनी जीव वाचवला त्यांच्याशी असं वागतात? अगदी अहसानफरामोश आहे ही पोरगी." रुची मान खाली घालून ऐकून घ्यायची आणि मग माझ्याकडे बघायची. आबा सांगतील, असं मी म्हटलं होतं ना. तिचं ते बघणं मला सोसेना.

शेवटी मी आबांना म्हटलं, "पोरगी तुमच्यापायी बोलणी खातेय."

"माहीत आहे मला," ते म्हणाले, आणि उठून खोलीत गेले.

गंगादशहऱ्याला घाटावरच्या पोहणाऱ्यांनी आबांचा सत्कार करायचं ठरवलं. आबांचा जुना चेला विश्वजीत आमंत्रण घेऊन आला. शाल, श्रीफळ, आणि हार रुचीच्या हातून. "पोती के हाथ से, गुरुजी. सब लोग रो देंगे." आबा नको म्हणाले, पण असे, की ऐकणाऱ्याला वाटावं हो म्हणतायत.

त्या सकाळी मैत्रेयीने रुचीला परकर-पोलकं घातलं आणि हार तिच्या हातात दिला. रुचीने तो पाटावर ठेवून दिला. "मी नाही घालणार."

"का नाही?" निमिषने विचारलं. त्याने तिचा दंड धरला. "चल, आधी आबांची माफी माग. त्यांनी तुझा जीव वाचवलाय, कळतं का तुला?"

तिने माझा पदर असा ओढून धरला की खांद्यावरची पिन निघाली.

"सोड तिला," मी म्हटलं. "तिच्यामुळे ते वाचलेत. तिच्या जॅकेटवर तरंगले दोघं. तिला खाली दाबून हे वर राहिले. तिच्या खांद्यांवरचे वळ मी पाहिलेत, निमिष."

आबा दारात उभे होते. नवं धोतर, कपाळाला गंध. खालून विश्वजीतने हाक मारली, "गुरुजी, चलिए." निमिष आबांकडे पाहत होता. आईला भ्रम झालाय, एवढं म्हणा, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"खरं आहे," आबा म्हणाले आणि उंबऱ्यापाशीच खाली बसले.

रुची माझ्या मागून बाहेर आली नाही. तिथूनच तिने विचारलं, आणि मला कळलं की हा प्रश्न तिने किती दिवस धरून ठेवला होता. "आबा, बुडणाऱ्याला समजत नाही ना समोर कोण आहे? तुम्हीच सांगता. मग तुम्हाला माहीत होतं का, मी होते ते?"

आम्ही तिघांनी मनात एकच प्रार्थना केली असणार. नाही म्हणा. एका शब्दाचं काम होतं, आणि तो त्यांच्याच शिकवणीतला होता. कोणीही विश्वास ठेवला असता.

"आधी नव्हतं माहीत," आबा म्हणाले. "मग तू छोड़िए म्हणालीस. तेव्हा कळलं. तरी नाही सोडलं मी."

मैत्रेयीने भिंतीकडे तोंड फिरवलं. निमिष जिना उतरून गेला. खाली तो विश्वजीतला काहीतरी सांगत असल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, संपलं आता. ही पोर जन्मभर या माणसाजवळ जाणार नाही, आणि तिला नावं ठेवायला मला जागा नाही.

"ऐकू आलं होतं तुम्हाला," रुची हळूच म्हणाली. "मला वाटायचं, माझा आवाज निघालाच नाही."

मग तिने माझा पदर सोडला. आबांकडे ती गेली नाही, अजूनही जात नाही. पण त्या दिवशी ती माझ्या मागून बाहेर आली आणि खोलीच्या मधोमध, कोणालाही न धरता, एकटी उभी राहिली.