वेशीचा दुसरा बुरूज

"मावशी, हा दुसरा बुरूज कुठून आणलास? तिथे एकच आहे!" आशुतोष आल्या आल्या ओरडला.

माझं डोकंच फिरलं. तो नोकरी करतो ते जर्मनीतलं छोटंसं होल्डरबाख गाव आम्ही नेरूळच्या सोसायटीत गणपतीचा देखावा म्हणून तीन आठवडे खपून उभं केलं होतं. घंटाघर, कारंजं, वेशीचे दोन बुरूज, सगळं पुठ्ठ्याचं. तेही नेटवरचा फोटो समोर ठेवून!

"फोटो जुना असेल, मावशी. काढ तो बुरूज. हेल्गाआजी काय म्हणतील?"

हेल्गाआजी म्हणजे त्याच्या तिथल्या घरमालकीण, वय पंच्याऐंशी. खास गणपती बघायला त्याच्यासोबत आलेल्या. त्या बुरुजापुढे वाकल्या, बघतच राहिल्या आणि एकदम टाळ्या वाजवत भराभरा बोलायला लागल्या.

आशुतोषचा आवाज बदलला. "मावशी, हा बुरूज युद्धात पडला. आजी तेव्हा पाच वर्षांच्या होत्या. त्यांचं घर या बुरुजातच होतं, ही वरून तिसरी खिडकी त्यांची."

आरतीचं तबक घेऊन सगळे उभे होते.

"थांबा रे!" मी आमच्या इलेक्ट्रिशियनला हाक मारली. "शहाजी, आधी त्या खिडकीत दिवा लाव!"