मधला तुकडा

विनिता सावंत कुणाच्याही घरी गेली की आधी टेबलाखाली शिरते. तुम्ही पाणी आणायला आत जावं आणि बाहेर येऊन बघावं, तर बाई गायब, दोन पाय तेवढे बाहेर. तुळिंजला तिच्या सोसायटीत एकदा सत्यनारायण होता. ही चौरंगाकडे अशी टक लावून बसली की भटजींना वाटलं, बाई काय भाविक आहे! बाईचं लक्ष चौरंगाच्या पायांवर. घरी येता येता नवऱ्याला म्हणते, "तीन पाय शिसवाचे आहेत हो, चौथा कुणीतरी बाभळीचा लावलाय."

पण तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. जुन्या फर्निचरची जात वरून कळत नाही, खालून कळते. वरून काय, गडद पॉलिश मारलं की आंबासुद्धा सागवान होऊन बसतो. खाली मात्र कुणी पॉलिश मारायला जात नाही. तिथे हात फिरवला की हाताने मारलेल्या रंध्याच्या बारीक लाटा लागतात. मशीनवर कापलेली फळी गुळगुळीत, मुकी. जुना सुतार स्क्रू कमी आणि लाकडी खुंट्या जास्त मारायचा. हे सगळं विनिता कामणच्या आपल्या फर्निचर दुरुस्तीच्या गाळ्यात, आजूबाजूला गोदामांचे ट्रक भोंगे वाजवत असताना, येईल त्याला ऐकवते. ऐकायचं नसेल त्यालाही ऐकवते.

त्या गाळ्यात नोव्हेंबरात एक मुलगी आली. होळी गावची लिडिया, हॉस्पिटलात नर्स. म्हणाली, "ताई, एक टेबल जोडून हवंय."

"पाय मोडलाय?"

"मोडलं नाही. कापलंय. तीन घरांत आहे."

विनिताने हातातला ब्रश खाली ठेवला. इतक्या वर्षांत तिच्याकडे वाळवी लागलेलं आलं होतं, जळलेलं आलं होतं, कुत्र्याने कुरतडलेलं आलं होतं. असं काही आलं नव्हतं.

गोष्ट अशी होती. लिडियाच्या आजोबांचं जेवणाचं लांबलचक टेबल होतं, दहा-बारा माणसं सहज बसतील असं. आजोबा गेले. मागे तीन भाऊ: लिडियाचे वडील थॉमस थोरले, मग सॅन्टन, मग मार्क. वाटणी झाली. जमीन वाटली, माड वाटले, विहिरीचं पाणी तासांवर वाटलं. राहतं घर रिवाजाप्रमाणे धाकट्याला, मार्कला गेलं. सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं, आणि गाडी अडली या टेबलावर. विकायचं नाही, एकाला द्यायचं नाही, चिठ्ठ्याही टाकायच्या नाहीत. मग काय करायचं? समान वाटा म्हणजे समान वाटा! सुताराला बोलावलं, खडूच्या दोन रेघा मारल्या आणि टेबलाचे तीन तुकडे केले. दुसऱ्या गावात लोकांनी वेड्यात काढलं असतं, पण जिथे पाणी तासांवर वाटतात तिथे टेबलाचं ते काय!

पायांचा विचार मात्र कुणाच्या डोक्यात आला नाही. टेबलाला पाय चार, चारही टोकांना. एका टोकाचा तुकडा थॉमसचा, त्याला दोन पाय. दुसऱ्या टोकाचा सॅन्टनचा, त्यालाही दोन पाय. करवत थांबली तसे टोकाचे तुकडे कलंडले, आणि मधला तर धाडकन जमिनीवर आला. तो मार्कचा. भावांनी आपापले तुकडे उचलून आपापल्या नव्या घरी नेले. मार्क बापाच्या घरात बिनपायाची फळी घेऊन बसला, आणि त्या दिवसापासून भावांच्या पंगतीला बसला नाही.

"मी तेव्हा जन्मले पण नव्हते," लिडिया म्हणाली. "चर्चमध्ये तिघं तीन कोपऱ्यांत बसतात. का, तर प्रार्थनेत शेजाऱ्याला शांतीचा हात द्यायचा असतो, तो एकमेकांना द्यायला लागू नये! जानेवारीत माझं लग्न आहे. आदल्या संध्याकाळी घरच्यांचं जेवण असतं. मला काही नको ताई, दागिने नको, बँड नको. त्या जेवणाला ते तिघं एका टेबलावर हवेत. बस."

विनिताचं काम लाकडाचं, भावांचं नव्हे. पण तीन तुकड्यांचं टेबल म्हटल्यावर तिच्या हाताला खाज सुटली. "येते रविवारी," ती म्हणाली.

थॉमसचा तुकडा हॉलमध्ये टीव्हीखाली होता. कापलेल्या बाजूला लोखंडी स्टँडचा टेकू, आणि वर व्हार्निश असं चोपडलेलं की त्यात पंखा फिरताना दिसत होता. थॉमस मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पोर्तुगीजांच्या काळातलं आहे हो हे."

विनिता खालून बोलली, "काका, पोर्तुगीज चिमाजी अप्पांच्या वेळेला गेले. तेव्हा हे झाड उगवलंही नसेल. शंभरएक वर्षांचं असेल. सागवान मात्र एक नंबर."

"शंभर?" थॉमसचा चेहरा पडला. "म्हणजे कालचंच की!"

"आणि हे व्हार्निश कुणी मारलं? लाकडाचा जीव गुदमरलाय. कोरड्या फडक्याने पुसायचं, वर्षातून एकदा मेण. एवढंच लागतं त्याला."

सॅन्टनचा तुकडा भाजीच्या शेडमध्ये, कापलेली बाजू विटांवर टेकवलेली. त्यावर मुळ्याच्या जुड्या, पालकाची टोपली, पाणी निथळतंय, बादलीच्या बुडाची पांढरी गोल वळं उठलेली. विनिताने कपाळावर हात मारला. सॅन्टन म्हणाला, "पानी लागनारच ना बाय! भाजी काय कोरडी धुवायची?" पण खाली वाकली तर लाकूड टणक, कापलेल्या कडेला एका मोठ्या गाठीचा अर्धा भाग, करवतीने मधोमध चिरलेला. तिने फोनमध्ये फोटो काढला.

मार्कचं घर वाडीच्या पलीकडच्या टोकाला. ओटीवर त्याचा तुकडा, चार कोपऱ्यांना जुन्या पलंगाचे चार पाय ठोकलेले, एकाची उंची दुसऱ्याला नाही. वर हिरवा ऑइलपेंट. दर नाताळात खिडक्यांना मारून उरलेला रंग त्यावर बसायचा, त्यामुळे जाडी चांगली भाकरीएवढी. मार्क चहा पीत होता. विनिताने विचारण्याआधीच म्हणाला, "हे त्यातलं नाही. आगाशीच्या बाजारातून आणलंय."

विनिता सरळ खाली शिरली. खाली रंग पोहोचला नव्हता. तेच रंध्याचे फटकारे, आणि कडेला त्या गाठीचा दुसरा अर्धा. तिने बाहेर येऊन फोन शेजारी धरला. शाळेतल्या पोरालाही जोडता आलं असतं.

"मार्ककाका, हे त्याच टेबलाचं आहे."

मार्कने बशी खाली ठेवली. "असेल. मग?"

लाकूड ओळखता येतं, पण ओळखून पुढे काय करायचं ते लाकडाखाली लिहिलेलं नसतं. विनिता म्हणाली, "लिडियासाठी. मी कामणला नेऊन जोडते, तुम्हाला काही त्रास नाही."

"हे घराबाहेर जाणार नाही," मार्क म्हणाला. "टेबल इथंच होतं. बापाच्या घरात. मी इथंच आहे. ज्यांनी इथून नेलं त्यांनी इथं आणावं."

बस्स. तेवढंच बोलला आणि पेपर उघडून बसला. पेपर उलटा होता, पण ते सांगायची सोय नव्हती.

विनिताने निरोप थॉमसच्या घरी नेला आणि तिथे भडका उडाला. "मी थोरला आहे! थोरल्याने धाकट्याच्या दारात तुकडा डोक्यावर घेऊन जायचं? त्याला टेबल हवं तर त्याने यावं!"

"त्यांना टेबल नकोय पप्पा. मला हवंय," लिडिया म्हणाली.

"लग्न होईल की! टेबलावाचून लग्न अडतं का कुणाचं?"

लिडिया रडायला लागली. हॉस्पिटलात रोज दुसऱ्यांची रड ऐकणारी मुलगी, पण इथे लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. "मग आदल्या दिवशी जेवणच नको. केटररला नाही सांगते. तिघं तीन ठिकाणी जेवा, पार्सल पाठवते!" म्हणाली आणि आत गेली. दार आपटलं.

हॉलमध्ये विनिता आणि थॉमस. असल्या वेळी परक्या माणसाने चप्पल शोधावी. विनिता टेबलाखाली शिरली. पुढे तिने जे केलं ते ठरवून केलं की सवयीने, देव जाणे. म्हणाली, "काका, टीव्ही जरा खाली घेऊ या. मला माप हवंय." दोघांनी टीव्ही उतरवला. "आता ही बाजू जरा धरा." थॉमसने धरली. विनिताने पान्याने लोखंडी स्टँडचे बोल्ट काढले, स्टँड ओढून बाजूला घेतला आणि हात झटकत उभी राहिली.

तुकड्याचा सगळा भार थॉमसच्या दोन हातांवर आला. सोडावा तर पडतो. भिंतीला टेकवावा तर भिंत हातभर लांब.

"अहो, धरून किती वेळ उभा राहू?"

"मधला तुकडा येईपर्यंत," विनिता म्हणाली.

थॉमस लाल झाले. आता आपल्याला घराबाहेर काढणार अशी विनिताची खात्री झाली. पण ते हातातल्या त्या कापलेल्या कडेकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "चारी पाय आम्ही दोघं घेऊन आलो. जड होते म्हणून रस्त्यात दोनदा थांबलो. तो दारात उभा होता. एकानेही वळून बघितलं नाही."

विनिता त्यांच्या मदतीला दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"उचला," थॉमस म्हणाले. "लिडिया! दार उघड!"

दुपारची वेळ. वाडीतून वरात निघाली: पुढे सुजलेल्या डोळ्यांची लिडिया पावट्याच्या वेली बाजूला सारत, मागे थॉमस आणि विनिता तुकडा घेऊन. सॅन्टन शेडमध्ये जुड्या बांधत होता.

"कुठं चाललात रे?"

"बापाच्या घरी," थॉमस म्हणाले.

सॅन्टनने आपल्या तुकड्यावरचा मुळा, पालक, बादल्या, सगळं भराभर खाली काढलं. विनिता "सावकाश, सावकाश!" ओरडतेय, पण ऐकतो कोण! फळी पाठीवर, दोन पाय कानांच्या बाजूला, असा तो निघाला.

मार्क ओटीवरच होता. दोन्ही भाऊ अंगणात येऊन थांबले. कुणी आधी बोलायचं यावर तिथेही वाटणी झाली असती, पण मार्क उठून आत गेला. लिडियाचा चेहरा पांढराफटक पडला. मग आतून खडखड आवाज आला आणि मार्क हातोडा घेऊन बाहेर आला. आपला हिरवा तुकडा त्याने उलटा केला आणि पलंगाचे चारही पाय स्वतःच्या हाताने ठोकून काढले. चौथा निघेना, तेव्हा सॅन्टनने फळी दाबून धरली.

विनिताने ते टेबल कामणला नेलंच नाही. महिनाभर ती मार्कच्या ओटीवर येऊन काम करत होती. हिरवा रंग आणि व्हार्निश तिने हळूहळू मऊ करून खरवडलं, खसाखस घासलं नाही, कारण घासलं की शंभर वर्षांची तुकतुकी भुशाबरोबर जाते. खालून दोन लांब सागवानी पट्ट्या टाकल्या, तीन तुकडे त्यांवर बसवले, वर लाखेच्या पॉलिशचे हात दिले. करवतीने दोन ठिकाणी खाल्लेलं लाकूड काही परत येणार नव्हतं. टेबल बोटभर आखूड झालं होतं, आणि गाठ थोडी चपटी. सॅन्टनची पांढरी वळं फिकी झाली, पण गेली नाहीत. मार्कने विचारलं, "हे सांधे बुजवणार नाही?" विनिता म्हणाली, "बुजवता येतील. पण तेवढं खोटं मी करत नाही." मार्कने सांध्यावरून अंगठा फिरवला आणि तिच्यासाठी चहा टाकायला आत गेला.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घर माणसांनी फुलून गेलं. टेबलावर वडे, मटण, कोंबडी-पोह्यांचं भुजिंग, केळीच्या पानांवर वाफा. एका टोकाला थॉमस, दुसऱ्याला सॅन्टन, बाजूला बायका-मुलं, आणि विनिताला आग्रहाने बसवलेलं. मार्क अजून उभाच. मधली खुर्ची रिकामी होती. त्याने आधी दोन्ही तळहात टेबलाच्या मध्यावर ठेवले आणि भार देऊन बघितला. टेबल हललंसुद्धा नाही. मग तो बसला.

जेवणाआधीची प्रार्थना त्यांच्यात थोरल्याने म्हणायची. सगळ्यांनी हात जोडले, माना खाली घातल्या आणि थॉमसची वाट बघू लागले. थॉमस घसा खाकरून म्हणाले, "आज मी नाही. ज्याच्या घरी जेवतोय त्याने म्हणायची. मार्क, म्हण."

मार्क गडबडला. इतकी वर्षं एकटा जेवणारा माणूस, त्याला शब्द आठवेनात. वाफा विरायला लागल्या. लिडियाने डोळे घट्ट मिटून घेतले होते. कुणीही त्याला शब्द सांगितले नाहीत, कुणी घाई केली नाही.

शेवटी मार्क म्हणाला, "देवा, वाढलंय. सगळे आलेत. आमेन."

"आमेन," थॉमस म्हणाले. इतक्या मोठ्याने, की अंगणातला मांडववाला शिडीवरून वळून बघायला लागला.